बाही उलटी बसली तर काय करावे

फॅशन डिझाइन शिकणाऱ्याने आधी संकल्पना सुचवून घ्यावी. कपड्याचे नंतर पाहता येते. संकल्पना शक्यतो एका शब्दाची असावी आणि त्या शब्दाला आकार नसावा: 'विस्थापन', 'उंबरठा', 'गंज'. 'खिसा' ही संकल्पना होऊ शकत नाही. खिसा शिवता यावा लागतो.

मग मूडबोर्ड. त्यावर गंजलेला पत्रा, पावसात भिजलेली चाळ आणि एका म्हाताऱ्या बाईचे सुरकुतलेले हात असावेत. हात कोणाचे, असे सहसा कोणी विचारत नाही. विचारलेच तर आजीचे म्हणावे.

कापडासाठी मुंबईच्या विद्यार्थ्याने मंगळदास मार्केट गाठावे. तिथे दुकानदाराला संकल्पना सांगू नये. 'विस्थापन दाखवायचंय' असे सांगितल्यावर तो गादीवरून न हलता 'कॉटन दाखवू की जॉर्जेट?' एवढेच विचारतो, आणि चार सत्रांत कोणी विचारला नसेल इतका नेमका हा प्रश्न असतो. जॉर्जेट अंगाबरोबर ओघळते, ऑर्गंझा अंगापासून दूर उभे राहते, आणि विस्थापन नेमके ओघळते की उभे राहते, याचा विचार तोवर झालेलाच नसतो. अशा वेळी दोन्ही घ्यावे. सुती कापड घेतल्यास कापण्याआधी भिजवून, वाळवून, इस्त्री करून घ्यावे, म्हणजे जे आटायचे ते आधीच आटते. भिजवायला वेळ नसेल तर ते ज्युरीनंतर आटेल. तेव्हा गुण लागून गेलेले असतात. बटणांसाठी भुलेश्वरला जावे. सहा बटणे आणायला गेलेला माणूस तिथून गोटा, दोन लेसा आणि एक झुंबर घेऊन परततो, बटणे राहतात.

यानंतर शिक्षक सांगतात, की आधी मांजरपाटाचा नमुना शिवून डमीवर चढवा, चुका तिथेच दिसतील. ही पायरी वगळावी. ती वगळल्याखेरीज या मार्गदर्शनाची गरजच पडत नाही.

कोणाला उरेब कापण्याची हौस असेल तर मादलेन व्हियोने या पॅरिसच्या बाईंचे स्मरण करावे. १९१२ साली त्यांनी आपले दुकान थाटले आणि कापड उभ्या-आडव्या धाग्याला ४५ अंशांत धरून कापण्याचे तंत्र असे काही पेलले, की कपडा अंगावर वाहू लागला. लहानशा लाकडी बाहुलीवर कापड गुंडाळून त्या आधी सारे ठरवत. आपल्याकडे बाहुली नाही, डमी आहे, आणि ती हार्बर लाइनने न्यायची आहे. डमी लेडीज डब्यात नेल्यास बसायला जागा मिळत नाही, मात्र डमीला मिळते. शेजारची बाई तिला मांडीवर घेते आणि गळा फार खोल आहे असे मतही देते. उरेब कापलेला कपडा दुमडपट्टी घालण्याआधी किमान रात्रभर टांगून ठेवावा लागतो, कारण तो स्वतःच्या वजनाने हळूहळू खाली उतरतो, कुठे बोटभर, कुठे चार बोटे. न टांगता पट्टी घातल्यास घेर नागमोडी होतो. नागमोडी घेराला 'लाट' म्हणावे.

आता बाही. बाहीचा वरचा गोलवा मुंढ्याच्या घेरापेक्षा इंच-दीड इंच मुद्दाम जास्त ठेवतात, कारण खांदा गोल असतो आणि हात हलतो. ही जादा लांबी एकही चुणी न पाडता मुंढ्यात जिरवायची असते. त्यासाठी गोलव्यावर मोठ्या टाक्याच्या दोन टिपा माराव्यात, दोरा हलका ओढावा, वाफेच्या इस्त्रीने फुगवटा बसवावा आणि मग जोडणी करावी. (शिवणकामातले निम्मे काम इस्त्री करते, हे मात्र थट्टेवारी नेऊ नये.) यात संध्याकाळ जाते. बाही सुरेख बसते. आणि मग कळते, की डावी उजवीकडे बसली आहे.

पॅटर्नवर बाहीच्या पुढच्या अंगाला एक खाच आणि मागच्या अंगाला दोन खाचा असतात, त्या एवढ्याचसाठी. उलट्या बाहीची खूण अशी, की मॉडेलने हात पुढे केला की पाठ ओढते. तिला हात मागे बांधून चालायला सांगावे. ज्युरी त्याला अ‍ॅटिट्यूड म्हणते. उसवण्याचाही मार्ग आहे, पण माया पाव इंचच सोडली असल्यास दुसऱ्या उसवणीत कापडाचे दोरे होतात. संकल्पना 'विस्थापन' असेल तर काहीच करावे लागत नाही. बाही विस्थापित झाली आहे.

येथे जपानी डिझायनर रेई कावाकुबो यांचे नाव घेण्याचा मोह होतो. सांभाळून घ्यावे. १९८२ मध्ये त्यांनी भोके असलेले काळे स्वेटर दाखवले, हे ज्युरीतल्या बाईंना ठाऊक असते. ती भोके पडावीत म्हणून त्यांनी विणकामाच्या यंत्रांचे स्क्रू सैल करायला लावले होते, हेही ठाऊक असते. त्यामुळे 'तुझं भोक कसं पडलं?' असा पुढचा प्रश्न येतो, आणि सीम रिपर निसटला हे उत्तर संकल्पनेत बसत नाही.

शेवटी गल्लीतल्या मास्टरांकडे जावे. वेळ रात्री साडेनऊ. ते मूडबोर्डाकडे पाहत नाहीत, शिवण उलटी करून पाहतात. 'रेशमाला सोळा नंबरची सुई लावलीस, बेटा? अकराची लावायची,' एवढे म्हणून ते खडूचा तुकडा कानावरून काढतात. सकाळी कपडा तयार असतो. त्यावर लेबल आपले लावावे.

सर्जनशील विकास दाखवणारी वही याच सकाळी भरावी. तयार कपड्याचे चित्र शेवटच्या पानावर काढावे आणि तिथून उलटे येत त्याहून वाईट वीस चित्रे काढावीत. त्यांतल्या काहींवर फुली मारावी, एकावर चहा सांडावा. खरी वही, म्हणजे जिच्यात मापे चुकल्याचे आकडे, उसवलेल्या शिवणींची टिपणे आणि 'मुंढा पुन्हा!!' असे लिहिलेले असते ती, सोबत नेऊ नये. ज्युरीने ती मागितली आणि तीच जास्त वेळ पाहिली, असे प्रकार घडलेले आहेत.

पदवी मिळेल तेव्हा मिळेल, घरचे काम मात्र प्रवेश घेतला त्या आठवड्यापासूनच सुरू होते. आत्या फॉल-पिकोच्या साड्या धाडते, मावशीला लग्नाआधी कटोरी ब्लाउज हवा असतो, काकांची पँट कमरेत 'थोडीशीच' सैल करायची असते. नाही म्हणू नये. आत्याला उरेब कळत नसला तरी बाही कुठे ओढते ते ती आरशासमोर हात वर करून क्षणात सांगते. फक्त मापाचा ब्लाउज मागताना तो यंदाचा आहे ना, एवढे विचारून घ्यावे. आत्या तिच्या लग्नातला देते.