आवाज छान, पण आवृत्ती कोणती?

गेल्या महिन्यात एका मित्रानं इतिहासावरच्या एका ऑडिओबुकची शिफारस केली. "काय आवाज आहे! अंगावर काटा येतो." मी विचारलं, लेखकानं कागदपत्रं कुठली वापरली आहेत? तो गप्प. अनुवाद कुणाचा? ठाऊक नाही. पुस्तक पूर्ण आहे की काटछाट केलेलं? पाहिलं नाही. तरी पठ्ठ्यानं ते शेवटपर्यंत ऐकलं होतं आणि दोन दिवस त्यातले दावे ऑफिसात छातीठोकपणे सांगत होता.

ऑडिओबुकाबद्दल आपल्याकडचं बोलणं आवाजापाशी सुरू होतं आणि आवाजापाशीच संपतं. कादंबरीचं त्यावर निभावतं. इतिहास, धर्म, राजकारण, अर्थकारण यांचं निभावत नाही. तिथे लेखक "हे असं घडलं" असं सांगत असतो, आणि असं सांगणाऱ्याला "कशावरून?" हे विचारावंच लागतं. भारदस्त आवाज म्हणजे पुरावा नव्हे.

ऐकण्याला मी कमी लेखत नाही. डोंबिवलीहून सीएसएमटीला उभ्यानं जाताना पुस्तक उघडायला हात मोकळा नसतो, मी स्वतः कानांनीच वाचते. ज्यांची नजर अधू झाली आहे त्यांच्यासाठी तर हा मोठा आधार आहे. शिवाय गंभीर मजकूर ऐकण्याची रीत आपल्याकडे नवी नाही. जोतीराव फुल्यांनी १८८३ मध्ये 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला तो नुसता लिहून ठेवला नाही, ठिकठिकाणी वाचून दाखवला. पुण्यात, मुंबईत, जुन्नर-ओतूरकडे. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनीही तो ऐकला. शेतसारा, कर्ज, कचेरीतली लुबाडणूक, म्हणजे राजकारण आणि अर्थकारणच. पण ते वाचन ऐकायला समोर शेतकरी बसलेले असत. ज्या साऱ्याबद्दल जोतीराव वाचत होते तो त्यांनीच भरलेला होता. आकडा चुकला असता तर तिथल्या तिथे कुणीतरी उठून सांगितलं असतं. आज कानात वाचणाऱ्याला मध्येच थांबवून कोण विचारणार? ते काम एकट्या ऐकणाऱ्यावर येऊन पडलं आहे, आणि आपण ते करत नाही.

इतिहासाचंच घ्या. "पानिपत ऐकलं" असं कुणी म्हणालं की विचारा, कुणाचं? विश्वास पाटलांचं 'पानिपत' ही १९८८ ची कादंबरी. त्र्यं. शं. शेजवलकरांचं 'पानिपत : १७६१' हा इतिहासग्रंथ. कादंबरीकाराला सदाशिवरावभाऊंच्या मनात शिरता येतं, तो त्याचा हक्कच आहे. शेजवलकरांना तो नव्हता, त्यांना कागद दाखवावा लागत होता. छापील पुस्तक नुसतं चाळलं तरी हा फरक दिसतो. एकीकडे पानभर संवाद, दुसरीकडे टीपा आणि संदर्भ. कानाला मात्र दोन्ही एकाच धारेत येतात. मग सदाशिवरावभाऊंच्या तोंडी कादंबरीत घातलेलं वाक्य लोक इतिहास म्हणून सांगू लागतात. दोष कादंबरीचा नाही. तिनं आपण कादंबरी असल्याचं कधी लपवलं नाही.

रणजित देसाईंच्या 'श्रीमान योगी'ला नरहर कुरुंदकरांची दीर्घ प्रस्तावना आहे. कुरुंदकरांनी देसाईंना लिहिलेलं ते पत्र. शिवाजीमहाराजांविषयी इतिहासानं कोणते प्रश्न विचारायला हवेत, हे मराठीत इतक्या नेटकेपणानं फार थोड्यांनी मांडलं आहे. कादंबरीच्या दारातच उभा केलेला तो इतिहासाचा पहारेकरी. ध्वनिमुद्रण हाती घेतलंत की पहिली दहा मिनिटं ऐका. सुरुवात कुरुंदकरांपासून होते की थेट पहिल्या प्रकरणापासून? एवढ्यावरून ते मुद्रण करणाऱ्याला पुस्तक किती कळलं होतं हे समजतं.

आता माझ्या सगळ्यात जिव्हाळ्याचं उदाहरण. डॉ. आंबेडकरांचं 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट' हे मुळात भाषण. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाच्या अधिवेशनासाठी अध्यक्ष म्हणून लिहिलेलं. मजकूर वाचून मंडळ बिचकलं, बदल करा म्हणू लागलं. बाबासाहेबांनी नकार दिला, अधिवेशन बारगळलं आणि ज्या भाषणाला व्यासपीठ मिळालं नाही ते त्यांनी १९३६ मध्ये स्वखर्चानं छापलं. दीड हजार प्रती दोन महिन्यांत संपल्या. गांधीजींनी 'हरिजन'मधून त्यावर टीका केली. १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत बाबासाहेबांनी काय केलं? गांधीजींची टीका परिशिष्ट म्हणून स्वतःच्याच पुस्तकात छापली आणि तिच्यामागोमाग आपलं उत्तर दिलं. सुरुवातीला मंडळाशी झालेला पत्रव्यवहारही आहे.

हा नुसता तपशील नाही. विरोधकाचं म्हणणं वाचकापुढे ठेवायचं आणि मग त्याचा समाचार घ्यायचा, ही त्या पुस्तकाची रीतच आहे. कुणी नुसतं भाषण ध्वनिमुद्रित केलं आणि पत्रं, टीका, उत्तर वगळलं, तर ऐकणाऱ्याच्या हाती अर्धा वाद येतो. त्याला वाटतं पुस्तक संपलं. वाद तर तिथून पुढे पेटला होता!

त्याच पुस्तकात दुसरी अडचण आहे. बाबासाहेब दुसऱ्यांची मतं सतत उद्धृत करतात. काही पटलेली म्हणून, काही फोडून काढण्यासाठी. कागदावर अवतरणचिन्ह दिसतं. कानात विरोधकाचं वाक्यही त्याच आवाजात, त्याच जोरात येतं. गाडीच्या गर्दीत क्षणभर लक्ष हटलं की ज्या मताचं खंडन चाललं आहे तेच लेखकाचं मत वाटतं. चांगला वाचक इथे थांबतो, स्वर बदलतो, अवतरण संपल्याचं कळू देतो. फुल्यांचं 'गुलामगिरी' हे १८७३ चं पुस्तक धोंडिबा आणि जोतीराव यांच्या संवादाच्या रूपात आहे. ते एकाच स्वरात वाचलं तर विचारणारा कोण आणि सांगणारा कोण, हेच पुसलं जाईल. आवाजाचं कौतुक करायचं तर या कसबाचं करा. अंगावर काटा आणणं हे नाट्यगृहाचं काम आहे.

धर्मावरच्या पुस्तकांत तर जपून ऐकावं. रेझा अस्लान यांचं येशूविषयीचं 'झेलट' २०१३ मध्ये आलं, ऑडिओ त्यांच्याच आवाजात आहे. मुख्य मजकूर गोष्टीसारखा ठाम आणि वेगवान. अभ्यासकांमध्ये कुठे एकमत नाही, कुणाचं म्हणणं याच्या उलट आहे, ही चर्चा मागच्या टीपांमध्ये. पुस्तक हातात असेल तर पानं उलटून मागे जाता येतं. फक्त मजकूर कानात असेल तर ठामपणाच उरतो. श्रद्धेच्या विषयात असा उसना ठामपणा घेऊन माणूस भांडायला निघतो, मग तो श्रद्धेच्या बाजूचा असो की विरुद्ध.

अर्थकारणाचे हाल आणखी वेगळे. थॉमस पिकेटी यांच्या 'कॅपिटल'चा कणा म्हणजे त्यातले आलेख. अमेरिकेतल्या वरच्या दहा टक्क्यांच्या हाती १९२० च्या दशकात एकूण उत्पन्नाचा ४५ ते ५० टक्के वाटा होता, १९५० च्या दशकात तो ३५ टक्क्यांच्या खाली आला आणि १९८० नंतर पुन्हा चढत गेला. आलेखात ही दरी एका नजरेत दिसते. कानात आकडे एकामागून एक येतात आणि तिसरा येईपर्यंत पहिला सुटतो. राहतं काय, तर "विषमता वाढली." ते आपण पुस्तक न ऐकताही म्हणत होतो! सोबत आलेखांची फाइल दिली असेल तर ती उघडा. न उघडता पिकेटी ऐकला असं म्हणू नका.

आणि सूची. ॲडम स्मिथचा 'अदृश्य हात' सगळ्यांना तोंडपाठ. 'वेल्थ ऑफ नेशन्स' या १७७६ च्या जाडजूड ग्रंथात तो शब्दप्रयोग फक्त एकदा येतो. छापील प्रत असेल तर सूचीतून ती जागा शोधून, मागचंपुढचं वाचून, स्मिथ नेमकं कशाबद्दल बोलत होता हे पाच मिनिटांत पाहता येतं. ध्वनिफितीत ती जागा कशी शोधणार?

हे तंत्राला जमत नाही असं कुणी सांगितलं तर पटवून घेऊ नका. अंधांच्या पुस्तकांसाठी 'डेझी' नावाची पद्धत १९९० च्या दशकापासून आहे. तिच्यात पान क्रमांकानं हव्या त्या जागी जाता येतं, तळटीपा ऐकायच्या की वगळायच्या हे ऐकणारा ठरवतो. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी काम करणाऱ्यांनी वाचकाचा हा हक्क तीस वर्षांपूर्वी ओळखला. डोळस गिऱ्हाइकाकडून वर्गणी घेणाऱ्यांना तो अजून परवडत नाही, हे मी मान्य करणार नाही.

मी स्वतः एक नियम पाळते. इतिहास, धर्म, राजकारण, अर्थकारण यांतलं काहीही ऐकलं तर त्यातला एक दावा, जो मला सगळ्यात जास्त आवडला तो, छापील पुस्तकात जाऊन पाहते. आवडलेलाच, कारण तोच मी चार लोकांत सांगणार असते. ग्रंथालयाची वर्गणी त्यासाठीच चालू ठेवली आहे. दोनदा मला माझं म्हणणं मागे घ्यावं लागलं. एकदा आकडा चुकीचा ऐकला होता, एकदा विरोधकाचं वाक्य लेखकाचं समजले होते.

दोन महिन्यांपूर्वी एका कंपनीला लिहून विचारलं, तुमच्या पुस्तकाच्या पानावर वाचणाऱ्याचं नाव ठळक आहे, मग आवृत्तीचं वर्ष, अनुवादकाचं नाव आणि काय वगळलं आहे याची ओळ का नाही? उत्तर आलं की ऐकणारे हे विचारत नाहीत.

तुम्हीही विचारा.