घरात आयटीवाली लेक असल्यास पाळावयाचे नियम

(घरून काम करणाऱ्यांच्या निवृत्त पालकांसाठी.)

१. बंद दाराआडचे बोलणे शब्दशः घेऊ नये. "पॅरेंटला किल केलं, आता चाइल्ड ऑर्फन झालंय," हे रात्री साडेनऊला ऐकू आल्यास आमच्या हिच्यासारखे देव पाण्यात घालू नयेत. चालू असलेल्या प्रोग्रामला प्रोसेस म्हणतात आणि एक प्रोसेस दुसरीला जन्म देते. जन्मदाती गेली, तर युनिक्समध्ये पोरकीला बहुधा पहिल्या क्रमांकाची प्रोसेस दत्तक घेते. झाँबी म्हणजे काम संपवून गेलेली, पण पालकाने दखल न घेतल्यामुळे यादीत उरलेली प्रोसेस. रेशनकार्डावर कैलासवासी आजोबा राहतात तशी. पोरक्यांची इतकी सोय आमच्या भावकीत नाही.

२. डीमन ऐकून मीठमोहऱ्या काढू नयेत. पडद्यामागे न बोलता राबणारा प्रोग्राम तो. घरात हे काम मी करतो, पण मला कोणी नाव ठेवलेले नाही. नावे ठेवतात.

३. कुकी खायला मागू नये. संकेतस्थळ आपल्या ब्राउझरमध्ये ठेवते ती चिठ्ठी. नाकारायचे बटण बारीक अक्षरांत असते; चष्मा लावून शोधावे.

४. बग म्हणजे किडा; आयटीत, प्रोग्राममधली चूक. १९४७ साली हार्वर्डच्या मार्क टू यंत्राच्या रिलेत खराखुरा पतंग सापडला आणि तो नोंदवहीत चिकटवला, ही गोष्ट एखादा हुशार भाचा जेवताना सांगणारच. सांगू द्यावी. मग, "एडिसनने १८७८ च्या पत्रात हा शब्द वापरलाय," एवढेच म्हणून ताकाची वाटी त्याच्याकडे सरकवावी.

५. साध्या शब्दांपासून जास्त सावध राहावे. "पाचच मिनिटं": आमटी दोनदा गरम करावी लागेल. "झालंच आहे": सुरुवात झाली आहे. "माझ्या मशीनवर चालतंय": दुसऱ्या कुणाच्याही चालत नाही. "बघते": बघणार नाही. हा शेवटचा अर्थ आयटी येण्याआधीपासूनचा.

६. शुक्रवारी संध्याकाळी "प्रॉडक्शन" (म्हणजे लोक प्रत्यक्ष वापरतात ती प्रणाली) कानावर आले, तर काही विचारू नये. चहा टाकावा.

७. मिळवलेले ज्ञान लपवावे. मोबाइल अडला असता "कॅश साफ करू का?" (पैसे नव्हेत, साठवलेली तात्पुरती माहिती) म्हणालात, तर "वा बाबा, करा की!" म्हणून ती पुन्हा दार लावून घेईल. त्यापेक्षा "काहीतरी झालंय गं याला," एवढेच म्हणावे. "काहीतरी म्हणजे काय?" असे वैतागून ती बाहेर येते, शेजारी बसते आणि मोबाइल बंद करून चालू करते. एवढे मलाही येते. पण तो चालू व्हायला जो वेळ लागतो, तो आपला. ऑफिसात काय बिनसले, ते तेवढ्यात विचारून घ्यावे. मोबाइल जितका जुना, तितके बरे.