डग्गा मुका, तबला बोलका

राजदूत ३५० या मोटारसायकलला सिलिंडर दोन, सायलेन्सर दोन आणि कार्बोरेटरही दोन. अॅक्सिलेटरची मूठ मात्र एकच. संसारातली बरीच भांडणं अशाच व्यवस्थेतून निघतात. यामाहाच्या आरडी ३५० चा हा देशी अवतार एस्कॉर्ट्सनं १९८३ साली बाजारात आणला. पेट्रोल फार पिते म्हणून लोकांनी नाकं मुरडली आणि दशक संपता संपता तिचं उत्पादनही आटोपलं. त्यानंतर तिला भक्त मिळाले. आमचे भाऊजी त्यांतलेच. ते बँकेतून निवृत्त झाले, गाडी अजून झालेली नाही.

झाडीपट्टीचं नाटक बघायला नागपूरहून कुरखेड्याला जायचं ठरलं. वडशापर्यंत रेल्वे आहे, पुढे एसटी जाते, ही माहिती मी भाऊजींना नम्रपणे दिली. त्यावर ते म्हणाले, ‘‘एसटीत बसून गेलास तर लिहिणार काय?’’ पुढे जे घडलं ते पाहता लिहिण्याची सोय त्यांनी चोख केली होती, हे मान्य करायला हवं.

निघण्याआधी शहरातल्या एका तज्ज्ञानं गाडीचं ‘फुल ट्यूनिंग’ केलं होतं. म्हणजे दिसेल तो स्क्रू फिरवला होता. भिवापूरला गाडी खाकरू लागली. भिवापूर मिरचीचं गाव. भाऊजी म्हणाले, ‘‘ठसका लागला असेल.’’ नागभीडला मिरची मागे पडली, ठसका तसाच. ब्रह्मपुरी सोडून वैनगंगेचा पूल ओलांडला की चंद्रपूर जिल्हा संपतो आणि गडचिरोली सुरू होतो. आमचा डावा सिलिंडर बहुधा चंद्रपूर जिल्ह्यापुरताच नेमलेला होता, कारण वडशात शिरताना उजवा एकटाच काम करत होता. वडशात नाटक कंपन्यांचे फलक जागोजागी. प्रत्येक फलकावर कुणी ना कुणी रडत होतं. त्या वातावरणात आम्ही विसंगत वाटलो नाही.

पुढचा रस्ता जंगलाचा. साग, ऐन, मोह, पळस. एका सिलिंडरवर जंगल फार सावकाश आणि तपशिलात दिसतं. सायकलवरून जाणाऱ्या एका गुरुजींनी आम्हाला ओलांडताना विचारलं, ‘‘ढकलू का जी?’’

कुरखेड्याच्या मिस्त्रीनं गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली. ‘‘याले दोन कारबोरेटर कायले जी?’’

‘‘पिकअपसाठी,’’ भाऊजी म्हणाले.

‘‘मंग पिकअप कुठी आहे?’’

तो रोज स्प्लेंडर खोलणारा माणूस, पण हाताला अक्कल होती. त्यानं आधी स्क्रूला हात लावलाच नाही. एअर फिल्टर काढला, दोन्ही कार्बोरेटरच्या तोंडात एकेक बोट घातलं आणि भाऊजींना मूठ हळूच पिळायला सांगितली. आतले दोन्ही स्लाइड एकाच क्षणी उचलले गेले पाहिजेत. उजवा लगेच उठला, डावा अंमळ विचार करून. मिस्त्रीनं डाव्या वायरची ढिलाई अॅडजस्टरवर काढली. मग दोन्हीकडचे हवेचे स्क्रू अलगद पूर्ण आवळून दीड-दीड फेरा मागे घेतले. शहरातल्या तज्ज्ञानं एक अडीचवर आणि एक पाऊणवर ठेवला होता. का, ते त्यालाच ठाऊक.

गाडी चालू केली आणि दोन पोरांना दोन सायलेन्सरमागे एकेक पळसाचं पान धरून बसवलं. पानं सारखी फडफडली की दोन्ही बाजू सारख्या, असा हिशोब. झकास पद्धत! फक्त उजवीकडचा पोरगा आपलं पान मुद्दाम हलवत होता.

तोवर गर्दी जमली होती. शेजारच्या धानोरा तालुक्यातलं मेंढा-लेखा हे गाव देशभर माहीत आहे. २००९ साली सामूहिक वनहक्क मिळालेल्या देशातल्या पहिल्या गावांपैकी ते एक. तिथल्या ग्रामसभेत बहुमत चालत नाही, सगळ्यांचं एकमत होईपर्यंत चर्चा होते. मिस्त्रीच्या दारातही तीच पद्धत सुरू झाली. फरक एवढाच, की मेंढ्यात लोक अभ्यास करून बोलतात. इथे एकानं प्लगवर संशय घेतला, दुसऱ्यानं पेट्रोलवर, एका आजोबांनी थेट आमच्या निघायच्या मुहूर्तावर. आलुभोंड्याचा घाणा दोनदा निघाला, ठराव काही निघेना.

तेवढ्यात एका नाटक कंपनीची गाडी चहाला थांबली. झाडीपट्टीच्या नाटकाला अजूनही ऑर्गन-तबल्याची जिवंत साथ असते. तबलजी खाली उतरले, कपबशी हातात घेऊन डोळे मिटून ऐकू लागले. भाऊजींना वाटलं, दाद देताहेत.

‘‘तबला बोलून रायला जी,’’ ते म्हणाले, ‘‘डग्गा मुका आहे.’’

हे निदान शास्त्राला धरून होतं. या इंजिनात दोन्ही सिलिंडर आळीपाळीनं पेटतात, ठोके समान अंतरानं आणि सारख्या वजनाचे पडायला हवेत. आमचा एक बोल भरीव आणि दुसरा पोकळ होता. डग्गा डाव्या हाताचा आणि खोटही डावीकडे! ऑर्गनवाल्यांनी सूरही उतरलाय असं सुचवून पाहिलं, पण चहा संपला होता.

मिस्त्रीनं डावा कार्बोरेटर उतरवून वाटी खोलली. तळाशी पाण्याचे मणी. हल्ली पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते ओल ओढून घेतं. गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवून नुसती पुसत राहिलं की वाटीतल्या पेट्रोलचा चिकटा होतो. त्या चिकट्यानं मंद गतीचा बारीक जेट बुजला होता. बुजलेल्या जेटची भरपाई तज्ज्ञसाहेब स्क्रू फिरवून करत बसले होते. मिस्त्रीनं विजेच्या वायरीतला तांब्याचा एक धागा काढून भोक साफ केलं. सुई घालत नाहीत, पितळ ओरखडलं तर जेटचं माप बिघडतं. मग एका बाजूची प्लगची टोपी काढून एकेक सिलिंडर वेगळा चालवून पाहिला, शेवटी दोन्ही जोडले. तबलजींनी मान डोलावली. पोरांची पानं आता फाटेपर्यंत फडफडली.

नाटक रात्री अकरानंतर सुरू झालं आणि उजाडेपर्यंत चाललं. नायिकेवर एकामागून एक संकटं कोसळत होती, शामियाना हुंदके देत होता. भाऊजी मात्र माझ्या कानाशी लागून विचारत होते, ‘‘डग्गा बरोबर लागतोय ना?’’

तुम्ही जुनी दोन कार्बोरेटरवाली गाडी काढणार असाल तर आधी प्लग बघा, मग एअर फिल्टर, मग जेट. स्क्रूला हात सगळ्यात शेवटी. गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर वाट्या रिकाम्या करून ठेवा. एवढं जमणार नसेल तर वडशाहून कुरखेड्याला एसटी जाते.