देव पायाखाली, देव डोक्यावर

भाचा परळचा, वय पंधरा, वाहन स्केटबोर्ड. गेल्या गणपतीत मंडळातल्या एका दादाने त्याला स्टिकर दिला आणि पठ्ठ्याने तो थेट फळीच्या पोटाला चिकटवला. आमच्या आईने, म्हणजे त्याच्या आजीने पाहिलं. "मेल्या, देवावर पाय देऊन उभा राहणार?"

त्याची बाजू तांत्रिक होती. फळीच्या वर बूट घसरू नये म्हणून पॉलिश पेपरसारखा खरखरीत टेप असतो, तिथे स्टिकर बसतच नाही. मोकळी जागा फक्त खाली. फळी उलटी केली की कळतं, पोरगं कोणाचं भक्त. जिम फिलिप्सने 1985 साली सांताक्रूझ कंपनीसाठी काढलेला किंचाळणारा निळा हात जगभरच्या फळ्यांखाली अजून किंचाळतोय. (हे सांताक्रूझ कॅलिफोर्नियातलं. विलेपार्ल्याच्या अलीकडचं नव्हे.) शेपर्ड फेअरी नावाच्या विद्यार्थ्याने 1989 साली आंद्रे द जायंट या पैलवानाच्या तोंडाचा स्टिकर काढून स्केटबोर्डवाल्या मित्रांत वाटला. अर्थ? काहीच नाही. पुढे 2008 साली ओबामाचं ते गाजलेलं लाल-निळं पोस्टर त्यानेच केलं. तिकडे स्टिकरवाला नेत्यापर्यंत पोचला. आपल्याकडे नेता वाढदिवसाला स्वतःच स्टिकर होऊन विजेच्या खांबापर्यंत पोचतो.

लालबागात स्टिकर म्हणजे सातबारा. चिंचपोकळीचा चिंतामणी 1920, गणेशगल्ली 1928, लालबागचा राजा 1934. मंडळाच्या स्थापनेचं साल सांगितल्याशिवाय ओळख पुरी होत नाही. स्कूटरच्या मडगार्डवर 'कार्यकर्ता' असं लिहिलेलं असतं. आता दहा रात्री रांगेत उभं राहून बायाबापड्यांना पाणी देणारा कार्यकर्ता, आणि ज्याच्या मामाची मंडळात ओळख आहे तोही कार्यकर्ता. रेडियम दोघांचं सारखंच चमकतं. 'पोलीस' आणि 'प्रेस'बद्दल तर बोलायलाच नको. तो स्टिकर चौकातल्या हवालदाराने तेवढा वाचला म्हणजे लावणाऱ्याचं काम झालं.

स्केटबोर्डवाल्यांकडे मात्र एक निर्दय परीक्षा आहे. पोरं फळीचं पोट लोखंडी कठड्यावरून, कट्ट्याच्या कडेवरून सर्रकन घासत नेतात. आठ-पंधरा दिवसांत स्टिकरच्या चिंध्या. ज्याच्या फळीखालचे स्टिकर महिनोन्‌महिने कोरे करकरीत, त्याच्याकडे बघून बाकीची पोरं हसतात. हा फळी चालवत नाही, काखेत मारून फिरतो. आपले स्टिकर असे कट्ट्यावर घासायची सोय असती तर अर्धं परळ बिनास्टिकरचं दिसलं असतं. उरलेलं अर्धं जखमी.

आईला हे तत्त्वज्ञान सांगून पाहिलं. "म्हणजे देवाचं तोंड दगडावर घासणार?" खटला तिथेच संपला. मग तिने एकच विचारलं, "तुला दिला कशाबद्दल?"

"चार रात्री चपला सांभाळल्या."

आई गप्प. मग उठली, खोबरेल तेलाचं बोट फिरवून नखाने स्टिकर अलगद सोडवला, पदराने पुसला आणि माळ्यावर नव्याकोऱ्या डब्यात पडलेलं हेल्मेट काढायला लावलं. पायाखाली नाही, डोक्यावर चालेल. तेलाने डिंक गेलेला, म्हणून वरून सेलोटेप.

बहीण तीन वर्षं ज्या हेल्मेटसाठी घसा फोडत होती, ते आता पोरगं झोपेपर्यंत काढत नाही. तो स्टिकर तेवढा घासला जाऊ नये, बाप्पा.