बाकं हिरवी की निळी?

गावाला नदी किंवा तळं असलं की सुशोभीकरण अटळ. पोराचं जावळ एकवेळ राहील, हे राहणार नाही. हल्ली त्याला एक शेपूट जोडतात: ‘लोकसहभागातून’.

म्हणजे आधी आराखडा, मग निविदा, उरलेच तर लोक.

लोकांना विचारतात तरी काय? बाकं हिरवी की निळी? कारंजं रंगीत की साधं? ‘आय लव्ह अमुकतमुक’ची अक्षरं कुठे उभी करायची? ‘मुळात हे हवंय का?’ हा रकाना छापायचा राहून जातो. दरवेळी.

आता खोपोलीत पाताळगंगेच्या काठी उद्यान करायचं ठरलं, तर पहिल्यांदा कोणाला विचारायचं? नगररचनाकाराला? मुळीच नाही. वीजघरात पाळीवर असलेल्या माणसाला.

1915 पासून लोणावळा, वळवण, शिरवत्याच्या धरणांतलं पाणी टाटांच्या नळांतून सुमारे पाचशे मीटर खाली येतं, चक्रं फिरवतं आणि पाताळगंगेत पडतं. एरवी ते इंद्रायणी-भीमा करत बंगालच्या उपसागराला गेलं असतं. मुंबईच्या दिव्यांसाठी ते घाट उतरलं आणि अरबी समुद्राच्या वाटेला लागलं. भर उन्हाळ्यात नदी वाहते ती याच जिवावर. काठावरची शेवटची पायरी कोरडी राहणार की बुडणार, हे त्या पाळीवाल्याला कळेल. त्याला बैठकीचं बोलावणं जाईल?

पैज लावा.

पुण्याचंच बघा. मुळा-मुठेचे 44 किलोमीटर काठ, खर्च 4727 कोटी, भूमिपूजन मार्च 2022 मध्ये. पुढच्याच वर्षी माणसं ‘चलो चिपको’ म्हणत नदीकाठच्या झाडांना मिठ्या मारायला आली. याला म्हणतात लोकसहभाग! फक्त निमंत्रण नव्हतं.

तिथला नमुना साबरमतीचा. आणि साबरमतीत पाणी कोणाचं? नर्मदेचं. नदीत उसनं पाणी खेळवण्यात खोपोली अहमदाबादच्या पाऊणशे वर्षं तरी पुढे आहे. पण आपल्याकडून शिकायला कोणी शिष्टमंडळ येत नाही.

बरं, लोकांना विचारायची सोय नाही असंही नाही. 2009 मध्ये राज्याने क्षेत्रसभा थेट कायद्यात घातली. मतदारांनी आपल्या भागाबद्दल एकत्र बसून बोलायचं. तुमची शेवटची क्षेत्रसभा कधी भरली? आठवा, आठवा.

मध्यंतरी तर राज्यातल्या बहुतेक नगरपालिकांत वर्षानुवर्षं नगरसेवकच नव्हते, प्रशासक होते. निवडून दिलेला माणूस नाही, पण नागरिकांचा सहभाग आहे. वा!

खोपोलीतलं महादेवाचं देऊळ आणि तळं नाना फडणवीसांनी बांधलं. नानांनी हरकती-सूचना मागवल्याचं ऐकिवात नाही. पण निदान मागवल्याचं नाटक तरी केलं नाही.

शिवाय नदीचीही एक हरकत असते. ती लेखी येत नाही, जुलैत येते. निळी पूररेषा पंचवीस वर्षांतल्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतल्या. दोन्ही नकाशावर असतात. बाकंही नकाशावर असतात. फक्त नकाशे दोन वेगळ्या कपाटांत असतात.

आणि रोज काठावर असतं कोण? गळ टाकून बसलेला म्हातारा. म्हशी धुणारा पोऱ्या. दहाव्याला आलेलं, केस उतरवून बसलेलं बिऱ्हाड. गणपतीत अख्खं गाव. यांच्यातलं कोणी आराखड्यातल्या रंगीत चित्रात दिसतं? तिथे एक गोरं कुटुंब फुगा घेऊन चाललेलं असतं. ते खोपोलीत कुठल्या आळीत राहतं, कोणी सांगेल?

सकाळी धुणं घेऊन येणाऱ्या बाईने समजा सूचनांचा तो ऑनलाइन फॉर्म भरलाच. काय लिहील ती? ‘कपडे आपटायला एक चांगला दगड ठेवा.’

दगड आहे की. आराखड्यात अगदी प्रवेशद्वाराशीच दाखवलाय. चांगला गुळगुळीत, काळाभोर, त्यावर उद्घाटकांचं नाव.