चाक किती बाहेर काढाल?

पावसाळा तोंडावर आला की आपल्याकडे नव्या थारवाल्यांना रुंद चाकांचे वेध लागतात. कंपनीची चाकं काढायची आणि काळी, रुंद, मडगार्डच्या बाहेर आलेली चढवायची. दुकानात प्रश्न तीन: रंग कुठला, किती इंची, हप्ते मिळतील का. चाक आत किती जाणार आणि बाहेर किती येणार, हे गिऱ्हाईक विचारत नाही आणि दुकानदार आपणहून सांगत नाही. गाडी खरोखर घाटात, चिखलात, दगडांत नेणाऱ्याने सगळ्यात आधी तेच विचारायला हवं.

चाक आत किती जाणार, ते सांगणारं माप म्हणजे बॅकस्पेसिंग. ते मोजायला फार काही लागत नाही. टायर नसलेली रिम पोत्यावर पालथी घाला, दर्शनी बाजू खाली. मागच्या कडेवर एक सरळ पट्टी आडवी ठेवा आणि तिथून खाली, हबला टेकणाऱ्या सपाट भागापर्यंत टेप लावा. साडेपाच इंच भरलं तर बॅकस्पेसिंग साडेपाच. हा आकडा जितका कमी, तितकं चाक गाडीच्या बाहेर.

दुकानात मात्र ऑफसेट सांगतात, तोही मिलिमीटरमध्ये. रिमवर ‘ईटी’च्या पुढे बहुतेक वेळा तोच कोरलेला असतो. ऑफसेट मोजतात रिमच्या मध्यरेषेपासून हबला टेकणाऱ्या त्याच सपाट भागापर्यंत, आणि गोंधळ होतो तो इथेच. ७ इंची रिम काढून ९ इंची घेतली आणि ऑफसेट तोच ठेवला, तर वाढलेल्या २ इंचांपैकी १ आत जातो, १ बाहेर. बॅकस्पेसिंग तेच ठेवलं तर दोन्ही इंच बाहेर. ‘ऑफसेट कंपनीचाच आहे, काही घासणार नाही’ या शब्दावर घेतलेलं चाक पुढे सस्पेन्शनच्या आर्मला घासतं, ते त्या आत गेलेल्या एका इंचामुळे. शिवाय ८ इंची रिम म्हणजे टायर बसतो तेवढीच जागा ८ इंच; दोन्हीकडच्या कडा धरून ती साधारण ९ भरते. म्हणून शून्य ऑफसेटला बॅकस्पेसिंग ४ नव्हे, साडेचार येतं. अर्ध्या इंचाची ही चूक हिशेब येणारेसुद्धा करतात.

आत घासलं तर निदान आवाज येतो, माणूस गाडी थांबवतो. बाहेर काढलेल्या चाकाचं दुखणं उशिरा कळतं. भरलेली बादली अंगाशी धरून चालणं आणि हात लांब करून चालणं यात जो फरक, तोच बेअरिंगला सोसावा लागतो. स्टिअरिंगचं तर त्याहून वाईट. पुढचं चाक ज्या तिरक्या रेषेभोवती वळतं, ती खाली वाढवली की जमिनीला एका जागी टेकते. त्या जागेपासून टायरचा मध्य जितका लांब, तितका दगडाचा हिसका जोरात तुमच्या हातात येतो. खडकाळ वाटेवर अंगठे स्टिअरिंगच्या आत घालू नका, असं जुने चालक सांगतात ते उगाच नाही. त्यात चाक वळताना मोठा कंस घेतं, पुढच्या बंपरच्या कोपऱ्याला आणि मडगार्डच्या मागच्या कडेला टेकतं. मग लोक करवत घेऊन बंपर कापतात! दाराच्या काचेपर्यंत चिखल उडतो तो वेगळाच.

बाहेर काढण्याचा फायदा अजिबात नाही असं मी म्हणत नाही. टायर रुंद असेल तर थोडं बाहेर काढावंच लागतं, आणि दोन चाकांमधलं अंतर वाढलं की आडव्या उतारावर गाडीला जरा आधार मिळतो. पण चिखलातली ताकद रुंदीतूनच येते, हा समज सोडून द्या. दुसऱ्या महायुद्धातली विलीस जीप ६.००-१६ च्या टायरवर धावली. आजच्या डोळ्यांना ते टायर काडीसारखे वाटतील. विलीसच्याच जीपची जुळणी करत थार बनवणाऱ्या महिंद्रने मुंबईत गाड्यांचा धंदा सुरू केला.

माझं मत ठाम आहे: आतल्या भागांना मोकळी जागा सोडून चाक जितकं आत राहील तितकं ठेवा. पैसे देण्याआधी एकच चाक चढवून बघा, तेही टायरसकट. ते दगडावर चढवा, स्प्रिंग दाबली जाऊ द्या, स्टिअरिंग दोन्हीकडे शेवटपर्यंत फिरवा आणि बॅटरी घेऊन गाडीखाली वाका. आर्म, टाय रॉडचं टोक, ब्रेकची नळी, सगळीकडे बोट फिरलं पाहिजे. सपाट फरशीवर उभ्या गाडीला काहीच घासत नाही. दुकानदार त्याला तयार नसेल तर दुकान बदला.

चाक बाहेर काढायला हब आणि रिम यांच्यामध्ये घालतात त्या स्पेसरच्या चकतीने काम भागवू नका. मूळच्याच बोल्टवर जाड चकती सरकवली की नटाला पकडायला आटे कमी उरतात, आणि तेवढ्यावर तुम्ही घरच्यांना बसवून ताम्हिणी घाट उतरणार असता.

कायद्याचंही बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलाला प्रत्येकी ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली.

राहिली स्टेपनी. चार चाकं नवी घेतात आणि मागे कंपनीचीच लटकत ठेवतात. टायरची उंची बदलली असेल, तर चिखलात पंक्चर झाल्यावर ती एका बाजूला लावून फोर-व्हील चालवणं म्हणजे गिअर आणि अ‍ॅक्सल एकमेकांविरुद्ध ओढणं. पैसे कमी पडत असतील तर साध्या रंगाची, साध्या घडणीची घ्या, पण पाचही एकाच मापाची घ्या.