शेरूचा क्लास

कुत्रा पाळला की घरात केस आणि सल्ले एकदमच येऊन पडतात. केस निदान झाडता तरी येतात.

आमच्या शेरूबद्दल सोसायटीत सगळ्यात ठाम मत नानांचं. "त्याला एकदा दाखवून द्या मालक कोण ते! वर्तमानपत्राची गुंडाळी करायची आणि ठेवून द्यायची एक." नानांच्या हाती त्यांच्या घरातला टीव्हीचा रिमोटही लागत नाही, पण तो विषय वेगळा.

नावावर जाऊ नका. नाव शेरू, पण फुगा फुटला तरी हा पलंगाखाली. दाराची बेल वाजली की मात्र सगळं अवसान गोळा करून असा भुंकतो की पार्सल आणणारा पोरगा पुडकं पायरीवर ठेवून लिफ्टची वाटही न बघता जिन्यानं पळतो.

नानांच्या सल्ल्यामागे एके काळी चक्क शास्त्र होतं. 1947 साली रुडॉल्फ शेंकेल यांनी बंदिस्त लांडग्यांचं निरीक्षण करून त्यांच्यातल्या वर्चस्वाच्या झटापटींबद्दल लिहिलं. 1970 साली डेव्हिड मीच यांच्या 'द वुल्फ' या पुस्तकानं कळपातल्या 'अल्फा'ची, म्हणजे दांडगाईनं म्होरक्या झालेल्या लांडग्याची, कल्पना घरोघरी नेली. पुढे मीचसाहेबांनी रानातले कळप वर्षानुवर्षं जवळून पाहिले, तर तिथे आई, बाप आणि पोरं! अनोळखी लांडगे एका कुंपणात कोंडले तर भांडणारच. आपल्याकडे रेल्वेच्या जनरल डब्यात तेच होतं. साहेब मोठ्या मनाचे. आपलं जुनं पुस्तक छापणं बंद करा म्हणून ते स्वतःच प्रकाशकाच्या मागे लागले. अल्फा मात्र तोवर लांडग्यांवरून कुत्र्यांवर उतरून, जगभर फिरून आमच्या सोसायटीत येऊन नानांकडे मुक्कामाला राहिला होता. सोफ्यावर पसरलेल्या शेरूला घराची सत्ता नको असते, पंख्याखालची जागा हवी असते, हे नानांना पटत नाही.

शेरूची सूत्रं हातात घेतली माझ्या भाचीनं. तिचं म्हणणं एवढंच, "मामा, तो उद्धट नाहीये, घाबरलाय. घाबरलेल्याला मारलं तर बेल वाजली की मार बसतो, एवढंच तो शिकेल. आणि गुरगुरल्याबद्दल ओरडू नका. ती सूचना असते. सूचना बंद केली तर उद्या थेट दात." तिनं बेलचा आवाज मोबाइलवर घेतला आणि शेरूचा कान जेमतेम हलेल इतक्या बारीक आवाजात लावला. लगेच उकडलेल्या चिकनचा नखाएवढा तुकडा. आधी बेल, मग चिकन. हा क्रम चुकवायचा नाही. आवाज एकेक घर वाढवायचा आणि तो बिचकला की मुकाट्यानं मागे यायचं. यातला अर्धा भाग पावलोवचा, हे शाळेत लाळेची गोष्ट वाचलेल्या कुणालाही कळेल. उरलेला अर्धा मेरी कव्हर जोन्स या बाईंचा. 1924 साली त्यांनी पीटर नावाच्या एका लहानग्याची सशाची भीती घालवली ती अशीच. पोरगं आवडीचं खात असताना ससा लांब ठेवायचा आणि हळूहळू जवळ आणायचा.

भाचीनं मला शेरू वाचायलाही शिकवलं. झोप नसताना दिलेली जांभई, समोर खाऊ नसताना चाटलेले ओठ, डोळ्याच्या कडेला दिसणारी पांढरी कोर, ही सगळी त्याच्या ताणाची लक्षणं. मी पेन्शनच्या फायलीबद्दल बोलायला लागलो की तो जांभया देतो, त्या मात्र कंटाळ्याच्या. तेवढं मला न शिकवताही कळतं.

शेरू पटापट शिकला. अडलं आमचं घोडं. सोफ्यावरून उतरवायला बायको 'खाली' म्हणते, मुलगा 'डाउन', मी 'अरे शहाण्या, आता उठ की'. कुत्र्यानं काय तीन भाषांतून अर्थ लावत बसायचं? आणि आजी! "टेबलापाशी काही देऊ नका," असं भाचीनं हात जोडून सांगितलं. आजीनं मान डोलावली आणि त्याच मिनिटाला पोळीचा काठ पदराआडून खाली गेला. खरं तर शिक्षिका म्हणून आजीला तोड नाही. चोख वेळ, ठरलेली जागा, आवाजाची पट्टी कधी चढत नाही. जेवायची ताटं वाजली की शेरू तिच्या पायाशी पुतळ्यासारखा बसतो. मारून मुटकून हे कुणाला जमलं असतं?

बेलचं प्रकरण आता मार्गी लागलंय. बेल वाजली की स्वारी आपल्या चटईवर जाऊन बसते आणि फ्रिजकडे बघते. पार्सलवाल्याच्या हातात आधी चिकनचा तुकडा द्यावा लागतो आणि मग त्याच्याकडून पुडकं घ्यायचं, एवढीच अडचण.

उरली दिवाळी. सुतळी बॉम्बचा आवाज भाची श्रावणापासूनच बारीक लावणार आहे. ऐन रात्री खिडक्या बंद, पंखा आणि टीव्ही मोठ्यानं, आणि त्याला पलंगाखाली बसायचं असेल तर खुशाल बसू द्यायचं. ओढून काढायचं नाही. जवळ घेऊन थोपटलं तर भीती वाढते असं काही नाही, त्यामुळे आजीला मोकळीक आहे.

पण मोबाइलचा आवाज कमी करता येतो, बी विंगच्या पोरांचा नाही. म्हणून भाची त्यांना भेटायला गेली. बॉम्ब आमच्या खिडकीखाली न लावता पलीकडच्या मैदानात लावाल का, असं विचारलं. पोरांनी आपसांत खलबत केलं. म्होरक्या पुढे आला.

"ताई, शेरूला चिकन मिळतं. आम्हाला काय?"

मटका कुल्फीवर सौदा पटला. रोज एक, आणि तीही मैदानातून परत आल्यावरच.